एलएसयू बेसबॉल २०२३ : शुक्रवारचं ठरलं, रविवारी कोण टाकणार?

बॅटनरूजकर

मंडळी, दरवर्षी सीझन निम्मा झाल्यावर धागा निघतो आणि तिसऱ्या पानावर कुणीतरी विचारतं की बुलपेन म्हणजे काय रे भाऊ, म्हणून यंदा आधीच काढतोय. १७ फेब्रुवारीला आपल्या एलएसयूची (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, बॅटनरूज) घरच्या मैदानावर, अॅलेक्स बॉक्सवर वेस्टर्न मिशिगनशी पहिली मॅच आहे. बहुतेक सगळ्या पोलांत आपण एक नंबरला, इकडे गॅस स्टेशनवरच्या माणसापासून माझ्या डेंटिस्टपर्यंत सगळे ओमाहाची हॉटेलं बघतायत (कॉलेजांची अंतिम फेरी तिथे होते).

बॅटिंगबद्दल मी काही लिहिणार नाही, डिलन क्रूज आहे, ट्रे मॉर्गन आहे, त्यात एनसी स्टेटहून टॉमी व्हाइट आलाय ज्याने फ्रेशमन (कॉलेजचं पहिलं वर्ष) असताना २७ होमरन मारले, बास झालं. मला बोलायचंय ते पिचिंगबद्दल. गेल्या वर्षी ४० जिंकलो २२ हरलो आणि हॅटिसबर्गच्या रीजनलमधे (राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी) सदर्न मिसने (सदर्न मिसिसिपी) घरी पाठवलं. ती रीजनल आठवा. पहिल्या मॅचला केनेसॉ स्टेटसमोर आठव्या इनिंगमधे ४-११ ने मागे होतो, तिथून १४-११ ने जिंकलो, लोक अजून त्या कमबॅकच्या क्लिपा फिरवतात. पण केनेसॉला ११ रन दिले कुणी? मग सदर्न मिसला दहाव्या इनिंगमधे हरवलं, आणि त्यानंतर त्याच टीमकडून लागोपाठ दोनदा हरलो, दुसऱ्यांदा ७-८ ने. हात संपले होते हो, टाकायला कुणी उरलंच नव्हतं.

यंदा शुक्रवारचा प्रश्न सुटलाय, पॉल स्कीन्स. शनिवार टाय फ्लॉइड किंवा थॅचर हर्ड. रविवारी कोण, आणि सातव्या ते नवव्या इनिंगमधे कोण, हे मला कुणी सांगितलं तर मीही ओमाहाचं हॉटेल बुक करतो.

कोथरूडकर_काका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण नवीन लोकांसाठी शुक्रवार-शनिवार काय भानगड आहे ते सांगा आधी, माझा जावई तिकडे असल्यामुळे मला थोडं कळतं, बाकीच्यांना नाही.

बॅटनरूजकर

काका, बरोबर. कॉलेजात वीकेंडला एकाच टीमशी तीन मॅचेस असतात, शुक्र शनि रवि, आणि मधे मंगळवारी वगैरे जवळपासच्या एखाद्या कॉलेजशी एक. पिचरचा हात एकदा शंभरएक बॉल टाकल्यावर आठवडाभर परत तसा चालत नाही, म्हणून तीन दिवसांना तीन वेगळे स्टार्टर. सगळ्यात भारी माणूस शुक्रवारी. स्टार्टर मॅचच्या नऊ इनिंगपैकी पाच-सहा टाकतो, पुढचं निस्तरायला जे बसलेले असतात ते बुलपेन. मंगळवारी नवीन पोरांची परीक्षा.

लेगकटर

हे मला कधीच झेपलं नाही. आपला फास्ट बोलर टेस्टमधे दिवसाला वीस ओव्हर टाकतो म्हणजे १२० बॉल, आणि दुसऱ्या दिवशी परत टाकतो, पळत येऊन. हे लोक उभ्या उभ्या १०० टाकून सहा दिवस सुट्टीवर? बुमराहला द्या पाठवून.

डॉ_शिंदेबाई

बुमराहचं नाव नका काढू, तो सप्टेंबरपासून पाठ धरून बसलाय.

मी स्पोर्ट्सची डॉक्टर नाही पण हाडांशीच संबंध आहे म्हणून लिहिते. बोलर कोपर सरळ ठेवून टाकतो, बराचसा जोर रनअपमधून आणि धडातून येतो, त्यामुळे त्याची भरपाई पाठ आणि गुडघे करतात. पिचर कोपर वाकवून झटक्याने सोडतो, तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर येणारा ताण त्या लिगामेंटच्या स्वतःच्या ताकदीच्या जवळ पोचतो, आसपासचे स्नायू सांभाळून घेतात म्हणून ते टिकतं. स्नायू थकले की ते उघडं पडतं. ते फाटलं की टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवायचा, आणि परत मॅचमधे टाकायला साधारण वर्ष ते दीड वर्ष. त्यात शंभर बॉल म्हणजे फक्त मोजलेले, वॉर्मअपचे आणि इनिंगच्या मधले वेगळेच. तेव्हा सुट्टीवर वगैरे नसतात ते.

लेगकटर

दंडवत. गप बसतो.

ह्यूस्टनची_मेधा

स्कीन्सबद्दल सगळे इतके खात्रीने बोलतायत ते जरा खटकतंय. एअर फोर्स अकॅडमीकडून गेल्या वर्षी १०-३, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेले रन) २.७३, ८५ आणि दोन तृतीयांश इनिंगमधे ९६ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). चांगलंच आहे. पण समोर माउंटन वेस्टच्या टीमा होत्या. एसईसीत, म्हणजे आपल्या लीगमधे, दर वीकेंडला समोर पुढे ड्राफ्ट होणारी (व्यावसायिक टीमा निवडतात ती) चार-पाच पोरं उभी असतात. असे आकडे घेऊन आलेले किती जण इथे आपटलेत.

बॅटनरूजकर

मेधाताई, मुद्दा मान्य पण अर्धाच. तो ते आकडे कुठे काढत होता बघा. कोलोरॅडो स्प्रिंग्जला, जवळजवळ ७००० फुटांवर. तिथे हवा विरळ, त्यामुळे मारलेला बॉल लांब जातो आणि स्लायडर नीट वळत नाही, म्हणजे पिचरला दोन्हीकडून मार. त्या हवेत पावणेतीनचा ईआरए म्हणजे गंमत नाही. तोच स्लायडर बॅटनरूजच्या दमट हवेत, समुद्रसपाटीला, जास्त वळणार. शिवाय हा माणूस तिथे आठवडाभर कॅडेटचं आयुष्य जगून, कॅचिंग करून, बॅटिंग करून (.३१४, १३ होमरन) वर पिचिंग करत होता. इथे त्याला फक्त बॉल टाकायचाय. निदान मला तरी तसं व्हावं असं वाटतं.

कोथरूडकर_काका

आणि एअर फोर्स सोडून आला कसा? तिकडे पळून गेलं तर कोर्टमार्शल नाही का?

बॅटनरूजकर

नाही काका, अकॅडमीत पहिली दोन वर्षं झाल्यावर सोडता येतं. तिसरं वर्ष सुरू केलं की मग नोकरीचं बंधन लागू होतं. तो बरोब्बर त्या उंबऱ्यावर निघाला. सोडताना जड गेलं म्हणतात, प्रशिक्षकांनीच समजावलं अशी चर्चा होती.

ऑस्टिनचा_अव्या

बॅटिंग बंद करायची? १३ होमरन मारणाऱ्याला? अरे माणूस ऑलेरुड अवॉर्ड जिंकलाय, देशातला सगळ्यात भारी दोन्हीकडचा खेळाडू म्हणून. मिडवीकला तरी खेळवा डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून.

बॅटनरूजकर

नको. आपल्याकडे बॅटिंगला रांग लागलीय, पिचिंगला नाही. साडेसहा फुटी माणूस शुक्रवारी ताशी ९८-९९ मैलांनी टाकतोय (आपल्या हिशोबात ताशी १५८-१५९ किमी, लेगकटरसाठी), तो मंगळवारी दुसऱ्या बेसवर घसरून मनगट मोडून आला तर धागा कोण काढणार? मी नाही.

नागपुरी_संत्रं

मला वेगळीच शंका आहे, आपल्या हेड कोचची, जे जॉन्सनची. कोच म्हणून भारी आहे पण त्याच्या टीमा मारतात आणि मार खातात. २०२१ ला ॲरिझोना घेऊन ओमाहाला गेला, काय बॅटिंग होती, आणि दोन मॅचेस हरून परत. दुसरीत स्टॅनफर्डने १४ रन ठोकले. गेल्या वर्षी आपलं तेच झालं. माणसाचा पॅटर्नच तो आहे.

बॅटनरूजकर

म्हणून तर वेस जॉन्सन आणलाय. (दोन्ही जॉन्सनांचं काही नातं नाही, विचारायच्या आत सांगतो.) गेल्या वर्षीचा पिचिंग कोच जेसन केली वॉशिंग्टनचा हेड कोच होऊन गेला, आणि त्याच्या जागी जे जॉन्सनने मिनेसोटा ट्विन्सचा पिचिंग कोच उचलून आणला, तेही चालू सीझनमधे, जूनमधे. मेजर लीगची नोकरी अर्ध्यात सोडून कुणी कॉलेजात येतं का? पण हा मुळात कॉलेजचाच माणूस, आर्कान्सातून थेट मेजर लीगला गेलेला. पोरांचा वेग वाढवण्यात त्याचं नाव आहे. माझ्या मते या ऑफसीझनची सगळ्यात मोठी भरती स्कीन्स नाही, हा आहे.

ह्यूस्टनची_मेधा

वेग वाढवतो आणि हातही जातात, अशीही कुजबुज असते अशा कोचेसबद्दल. डॉक्टरबाई सांगतीलच.

डॉ_शिंदेबाई

वेग आणि लिगामेंट यांचं वैर जुनंच आहे, एकट्या कोचच्या माथी कशाला मारायचं. शाळेतली पोरं बारा महिने टाकतात, दोष तिथून सुरू होतो.

आयोवा_पाटील

तुम्ही लोक फार घाबरट आहात. ९ बॅटर असे असताना मॅचला ८-९ रन पडणारच. पिचिंग सरासरी असलं तरी पुरे. उगाच काथ्याकूट.

बॅटनरूजकर

पाटील, २०२१ ची व्हँडरबिल्ट. कुमार रॉकर आणि जॅक लायटर, कॉलेज बेसबॉलमधे इतकी चर्चा झालेली जोडी अलीकडे दुसरी नाही. तीन मॅचेसच्या फायनलला मिसिसिपी स्टेटकडून हरले. का? कारण दोन दिवस या दोघांचे होते आणि तिसऱ्या दिवसाला पुरेल असं मागे काही नव्हतं, आणि तिसऱ्या मॅचला रॉकरला कमी विश्रांतीवर आणला तर स्टेटचा विल बेडनार सहा इनिंग एकही हिट न देता गेला, मागून लँडन सिम्सने उरलेल्या तीन. ९-०. म्हणजे दोन सुपरस्टार असूनही पुरले नाहीत, आणि आपल्याकडे आत्ता खात्रीचा एक आहे.

आता दुसरी बाजू. २०२२ ची टेनेसी. ५७-९. टीमचा ईआरए २.५१, देशात सगळ्यात कमी, बुलपेनमधे बेन जॉइस १०५ ने टाकतोय. सुपर रीजनलमधे (रीजनलनंतरची फेरी) नॉटर डेमने घरच्या मैदानावर काढलं. तेव्हा पिचिंग असलं की झालं असंही मी म्हणत नाही. पण नसलं की नक्की नाही झालं.

ऑस्टिनचा_अव्या

मग ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) पण घ्या ना. गेल्या वर्षी एसईसीत एका टप्प्यावर ७-१४ होते, टूर्नामेंटला शेवटच्या चार टीमांत कसेबसे घुसले, आणि चॅम्पियन. डिलन डलूशिया, ज्युनियर कॉलेजमधून (दोन वर्षांचं कॉलेज) आलेला, फेब्रुवारीत त्याला कुणी शुक्रवार दिला होता का? ओमाहात आर्कान्साविरुद्ध पूर्ण नऊ इनिंग शटआऊट (एकही रन नाही). आणि दुसरा स्टार्टर हंटर एलियट, फ्रेशमन डावखुरा. म्हणजे जानेवारीत बसून जे तुम्ही आम्ही कागदावर लिहितोय त्यातलं निम्मं मेपर्यंत खोटं ठरतं.

बॅटनरूजकर

हो, आणि माझा सगळा मुद्दा तोच आहे. नावं बदलणार हे धरूनच चाला. म्हणून पहिल्या तिघांची नावं कोण यापेक्षा चौथा ते दहावा किती बरे आहेत ते बघायचं. रीजनलला एक मॅच हरलात की चार दिवसांत पाच मॅचेस पडू शकतात. तिथे चौथा स्टार्टर लागतो, आणि तो बहुतेक वेळा असा माणूस असतो ज्याचं नाव फेब्रुवारीच्या कुठल्याच यादीत नसतं.

आता माझी यादी, शिव्या घालायला मोकळे.

फ्लॉइड : जॉर्जियाचा, तिसरं वर्ष. फास्टबॉल स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरचा बॉल टाकायचा चौकोन) वरच्या भागात टाकतो, बॅटरला वाटतं त्यापेक्षा कमी खाली येतो, म्हणून खालून बॅट घालतात आणि हवा मारतात. अडचण एवढीच की दुसरा बॉल रोज सापडत नाही. सापडला त्या दिवशी हा शुक्रवारचा माणूस आहे, नाही सापडला तर चौथ्या इनिंगला ८५ बॉल झालेले असतात. माझा शनिवार तरीही हाच.

हर्ड : यूसीएलएहून. गेल्या वर्षी फ्रेशमन, ३४ इनिंग, ईआरए १.०६, मग पाठीचं दुखणं आणि सीझन बंद. टॅलेंटवर कुणाला शंका नाही. पण ३४ इनिंग टाकलेल्या पोराकडून एकदम ८० मागायच्या?

ख्रिश्चन लिटल : व्हँडरबिल्टहून. शाळेचं शेवटचं वर्ष टाळून सतराव्या वर्षी कॉलेजात गेला, २०२१ च्या त्याच फायनलमधे दुसऱ्या मॅचला याच्या हातात बॉल दिला होता. तेव्हापासून लोक वाट बघतायत की आता फुलेल, आता फुलेल. वय अजूनही लहान आहे. स्ट्राइक टाकेल का, एवढंच.

ग्रँट टेलर : माझा आवडता. उन्हाळ्यात केप कॉडच्या लीगला जाऊन भारी टाकून आलाय, रविवार याचा.

चेस शोर्स : टेक्ससचा फ्रेशमन, ६ फूट ८ इंच, वेग नव्वदीच्या वरच्या टोकाला. स्ट्राइक झोन कुठे आहे हे कधीकधी त्याला कळतं, कधीकधी पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांना.

डावखुरे : रायली कूपर (जे जॉन्सनबरोबर ॲरिझोनाहून आलेला, म्हातारा, घाबरत नाही), नेट ॲकनहाउझन (ज्युनियर कॉलेजचा), ग्रिफिन हेरिंग (फ्रेशमन), आणि जेव्हन कोलमन सर्जरीनंतर परततोय.

बाकी गॅरेट एडवर्ड्स, ब्लेक मनी, सॅम डटन. मनी गेल्या वर्षी सुरुवातीला शुक्रवारचा होता हे विसरू नका. गॅव्हिन गिड्री लेक चार्ल्सचा, इन्फिल्डर म्हणून आलाय पण हात बघून वाटतं क्लोजर (शेवटी येऊन मॅच संपवणारा) होईल.

नागपुरी_संत्रं

क्लोजर फ्रेशमन? टेनेसी समोर, एका रनची लीड, बेस भरलेले, आणि बॉल फ्रेशमनच्या हातात? माझा बीपी इथेच वाढला. कूपरला द्या.

ह्यूस्टनची_मेधा

कूपरला सहमत. वेग कमी आहे पण वॉक (चार चुकीच्या बॉलवर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) देत नाही फार. मला बुलपेनमधे हेच बघायचं असतं, किती स्ट्राइकआऊट ते नाही, फुकटचे बेस किती. कॉलेजमधे निम्म्या मॅचेस वॉकवर हरतात. ९७ ने टाकणारा आला, दोन वॉक, एक अंगावर, आणि मग जो हिट बसतो तो तीन रनचा. गेल्या वर्षी त्यात भर म्हणून फील्डिंग, साध्या ग्राउंडरला थ्रो पहिल्या बेसवरून डगआऊटमधे. पिचरचा ईआरए बघताना तेही धरा, एररवर आलेला रन त्याच्या नावावर लागत नाही, पण त्या एररमुळे जास्तीचे पंधरा-वीस बॉल टाकावे लागतात ते हातातून जातातच.

बॅटनरूजकर

हे ताई लाख बोललात. एररचा खरा हिशोब पिच काउंटमधे असतो. म्हणून इन्फिल्डचं यंदा काय होतंय हा पिचिंगचाच प्रश्न आहे.

आयोवा_पाटील

एकूण १४ पिचर मोजलेत तुम्ही. घाबरायला कुठे जागा आहे? रांधलेल्या स्वयंपाकाला मीठ कमी म्हणून रडताय.

बॅटनरूजकर

१४ नावं आहेत, १४ पिचर नाहीत पाटील. त्यातले सर्जरीनंतरचे, पाठीचे, फ्रेशमन आणि नुसत्या आशेवरचे वजा करा. सहा उरतात.

बॅटनरूजकर

अपडेट. वाईट बातमी. ग्रँट टेलरचं कोपर गेलं. टॉमी जॉन, पूर्ण सीझन बाहेर.

नागपुरी_संत्रं

अरेरेरे.

डॉ_शिंदेबाई

वाईट वाटलं. विसाव्या वर्षी. पुढचं सगळं करिअर समोर असताना. मात्र या सर्जरीतून बहुतेक जण परत येतात, तेवढं खरं.

ऑस्टिनचा_अव्या

सीझन सुरू व्हायच्या आधीच रविवार गेला. धागाकर्त्यांच्या जिभेवर तीळ आहे का बघा.

आयोवा_पाटील

ठीक आहे, आता थोडा घाबरलो.

ह्यूस्टनची_मेधा

आता हर्डला रविवारी बसवावंच लागेल, इलाज नाही. लिटल मंगळवारी. आणि शोर्सला स्टार्टर म्हणून तयार करायला घ्या पहिल्या दिवसापासून, मिडवीकला तीन-तीन इनिंग. एसईसीची पहिलीच सीरिज कॉलेज स्टेशनला टेक्सस ए अँड एम कडे आहे, मार्चच्या मध्यात, म्हणजे चार आठवडे हातात आहेत. नंतर लगेच आर्कान्सा आणि टेनेसी घरी. एप्रिल उजाडेपर्यंत सगळं कळेल.

बॅटनरूजकर

माझा बदललेला क्रम : स्कीन्स, फ्लॉइड, हर्ड. लिटल मिडवीक. पण मला अजूनही हर्डपेक्षा त्याच्या पाठीची काळजी आहे, त्यामुळे डावखुऱ्यांपैकी एकाला, बहुधा ॲकनहाउझनला, चार-पाच इनिंग टाकता येतील इतकं ताणून ठेवावं असं वाटतं. तो ज्युनियर कॉलेजातून आलाय, त्याच्या नावाने कुणी पोस्टर लावत नाही, पण स्ट्राइक टाकतो आणि डावखुरा आहे. जूनमधे कधीतरी असा एक दिवस येतो की स्टार्टर कुणीच शिल्लक नसतो आणि कोचला कुणाला तरी बॉल द्यावाच लागतो. त्या दिवशी तीन इनिंग टाकून दमणारा नको.

नागपुरी_संत्रं

ॲकनहाउझन ओमाहात स्टार्ट करणार? चहात काय घालताय?

बॅटनरूजकर

करावा असं नाही म्हणत हो, करता यावा म्हणतोय.

लेगकटर

मी गप बसलो होतो पण एक विचारतो. एवढा जर रविवारचा घोळ आहे तर स्कीन्सला शुक्रवारी सहा इनिंग आणि रविवारी शेवटची एक, असं का नाही करत?

डॉ_शिंदेबाई

वर लिहिलंय ते परत वाचा.

बॅटनरूजकर

जुन्या काळी करायचे बरं का. १९८९ ला आपलाच बेन मॅकडॉनल्ड, २०२ स्ट्राइकआऊट एका सीझनमधे, तेव्हाचा एसईसीचा रेकॉर्ड, तो स्टार्टही करायचा आणि मधेच येऊन मॅच संपवायचाही. त्यानंतर ड्राफ्टमधे पहिला गेला. आज असं केलं तर स्कीन्सचा एजंट हेलिकॉप्टरने मैदानात उतरेल.

कोथरूडकर_काका

शुक्रवार संध्याकाळची मॅच म्हणजे आमच्याकडे शनिवार सकाळचा चहा, वेळ चांगली आहे. जावयाचं लॉगिन घेतलंय. बायको विचारतेय हा कुठला नवीन उद्योग.

ऑस्टिनचा_अव्या

दुसऱ्या वीकेंडला आपली टीम राउंड रॉकला येतेय, डेल डायमंडवर, कॅन्सस स्टेट, आयोवा आणि सॅम ह्यूस्टनशी. माझ्या घरापासून वीस मिनिटं. आयोवाच्या मॅचला चारजण जातोय, एक सीट रिकामी आहे. पाटील, तुम्ही आयोवाच्या बाजूला बसणार असाल तर तिकीट स्वतःचं काढा.

आयोवा_पाटील

मी डेस मॉइनहून जवळजवळ दीड हजार किलोमीटर येऊ का? आणि आलोच तर हॉकआइजचीच (आयोवाची टीम) टोपी घालणार. आमचा ब्रोडी ब्रेक्ट बघितलाय का टाकताना? तो पण नव्वदीच्या वरच्या टोकाचाच आहे, फुटबॉलही खेळतो. बघा म्हणजे कळेल तुमच्या ८-९ रनांचं काय होतं ते.

नागपुरी_संत्रं

चार पानं मागे हाच माणूस म्हणत होता पिचिंग सरासरी असलं तरी पुरे. खिक्.

ह्यूस्टनची_मेधा

अव्या, ती रिकामी सीट माझी. डबा घेऊन येते. फक्त शनिवारी स्टार्टर कोण ते आदल्या रात्री टाक इथे, लिटल असेल तर मी दोन तास उशिरा निघते.